स्टिकर इंटेलचं, फाइल एएमडीची

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि ११साठी माझा लॅपटॉप म्हातारा ठरला. नवा घ्यायचा तर दोन महिन्यांचं मानधन फुर्र! म्हटलं, डेबियन टाकू. पण डाउनलोडच्या यादीपाशीच डोक्याला शॉट. एएमडी६४, एआरएम६४... अहो, माझ्या लॅपटॉपवर तर इंटेलचं स्टिकर! सोमवारी लेख द्यायचाय, चूक झाली तर? मग कळलं, ही ६४ बिटची पद्धत एएमडीने २००३मध्ये आधी बाजारात आणली, म्हणून नाव तिचं. इंटेललाही हीच फाइल चालते. त्यातली छोटी ‘नेटइन्स्ट’ घेतली. बाकीचं इन्स्टॉल होताना नेटवरून येतं, त्यामुळे नेट हवंच. आणि हो, फाइल पेनड्राइव्हवर चढवताना त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं. माझे जुने लेख त्यातच होते, थोडक्यात वाचले! आता पहिला प्रश्न समोर आहे: भाषा कोणती? यादीत मराठीपण आहे.