माग चालतात, पण कारागिराच्या डोक्यावरचे छत?

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाऊंडमधील जिलानी इमारत कोसळली. ३५ हून अधिक माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाड्यात खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडे असलेली इमारत पडली. दोन्ही वेळा आठवडाभर हळहळ झाली. नंतर आम्ही व्यापारी पुन्हा सुताच्या भावाकडे वळलो.

दोष केवळ सरकारला देऊन आम्हास मोकळे होता येणार नाही. आमच्याच एका जुन्या इमारतीला धोकादायक ठरवणारी नोटीस आली होती. ती आम्ही वाचली आणि गल्ल्यात ठेवून दिली. खाली माग, वर पाच बिऱ्हाडे. मागांच्या धक्क्याने भिंतीला तडा गेला होता, तो आम्ही सिमेंटने बुजवला. दोन पावसाळे निभावले, ही अल्लाहची मेहरबानी. आमची हुशारी नव्हे.

भाडेकरू घर का सोडत नाहीत? जीव प्यारा नाही म्हणून नव्हे. एकदा बाहेर पडलो की खोलीवरचा हक्क गेला, ही त्यांची भीती आहे. हातात भाड्याची पावतीही नसते. शिवाय नोटीस मराठीत चिकटवली जाते आणि राहणारा उर्दू किंवा हिंदी वाचणारा असतो. आमचे स्वतःचे शिक्षण उर्दूत झाले, म्हणून ही अडचण आम्ही जाणतो.

प्रधानमंत्री आवास योजना २०१५ पासून आहे. परंतु स्वतः घर बांधण्यासाठी अनुदान हवे तर जागा स्वतःची लागते. मागावर काम करणाऱ्या भाडेकरूने ती कोठून आणावी? तेव्हा पहिले पाऊल आम्हीच टाकले पाहिजे.

एक, ३० वर्षांवरील प्रत्येक इमारतीची तपासणी मालकाने स्वखर्चाने करावी. दोन, प्रत्येक बिऱ्हाडाची खोली मोजून तसा सहीचा कागद व दरमहा पावती द्यावी. कागद हाती असला तर माणूस निर्धास्तपणे बाहेर पडेल. तीन, दुरुस्तीच्या काळातील भाड्यासाठी बाजाराने निधी उभारावा.

हिशोब कठीण नाही. एका मागावर दोन पाळ्यांत ६० मीटर कापड धरले, तर २४ मागांचे १,४४० मीटर होते. मीटरमागे ५ पैसे म्हणजे रोजचे ७२ रुपये, २५ दिवसांचे १,८०० रुपये. असे दहा कारखाने एकत्र आले तर महिन्याला १८,००० रुपये जमतात. त्यात तीन-चार कुटुंबांच्या भाड्याची सोय होते. पाच पैसे तर आम्ही सौदा करताना बोलता बोलता सोडून देतो.

छताबरोबर नळ, गटार आणि संडासही आले. बारा तासांची पाळी करून आलेल्या कारागिराच्या घरातील स्त्रियांना पहाटे संडासासाठी रांग लावावी लागते, ही आमच्या धंद्याला शोभणारी गोष्ट नाही.

आम्ही आमच्या इमारतीची तपासणी करून घेतली आहे. वरचा मजला उतरवावा लागणार, असे इंजिनिअरने सांगितले. पाचही बिऱ्हाडांना मोजणीचे कागद दिले, तेव्हा एका म्हाताऱ्या कांडीवाल्याने तो कागद दोनदा वाचून घेतला आणि विचारले, "सेठ, हे आधी का नाही दिले?" आमच्याकडे उत्तर नव्हते. बांधवांनो, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाण्यापूर्वी आपापल्या इमारतीकडे एकदा मान वर करून पाहा.