जपानी पोरींच्या गाण्यात ढोल, अन् आपल्या मिरवणुकीत?

मागच्या रविवारी लातूरला पोराला डबा द्यायला निघालो होतो. (नांदेडकरांना सांगायला नको, पोरगं अकरावीला गेलं की घराचा रविवार लातूरचा होतो.) एसटीत बसलो अन् त्याचा मेसेज आला, "पप्पा, हे ऐका. जपानी आहे, पण ह्यात ढोल आहे."

बेबीमेटल नावाचा जपानी बँड. तीन पोरी गातात, नाचतात, मागं कानठळ्या बसवणारं मेटल. 8 ऑगस्ट 2025 ला त्यांचा 'मेटल फोर्थ' हा अल्बम आला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत नवव्या नंबरावर गेला. सगळेच सदस्य जपानी असलेला एखादा बँड तिथं पहिल्या दहात जायची ही पहिली वेळ. लोह्यापर्यंत एकदा ऐकला, पुढं अहमदपूरपर्यंत परत.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. अल्बममध्ये पाहुणे जास्त झालेत. दहापैकी सात गाण्यांत दुसरं कुणीतरी. कुणी जर्मन, कुणी रशियन, कुणी अमेरिकन. लग्नात आहेर घेऊन येणाऱ्यांचीच गर्दी व्हावी अन् नवरी दिसू नये, तसं होतं मधे मधे. शिवाय 'मेटाली' 2023 चं, 'राटाटाटा' 2024 चं. म्हणजे नवा म्हणून घेतलेला माल थोडा शिळाच. शेवटचं 'व्हाइट फ्लेम' मात्र त्यांचं स्वतःचं, अन् ते मनाला लागतं.

पण पोरानं सांगितलेलं गाणं वेगळं निघालं. 'कोन! कोन!'. जपानीत हा कोल्ह्याचा आवाज, ह्या बँडचं सगळं मिथकच कोल्हादेवाचं. आपल्या कानाला मात्र ऐकू येतं, कोण? कोण? ह्या गाण्यात दिल्लीचा ब्लडीवूड बँड आहे. ढोल हीच त्यांची ओळख. हा ढोल फोडणीपुरता टाकलेला नाही, तो काढला तर ब्लडीवूड उरत नाही. हुजूर साहिबचा होला मोहल्ला बघितलेल्या नांदेडकराला त्यातला पंजाबी दणका लगेच ओळखू येईल. दौऱ्यावर त्यांचा ढोलवादक सार्थक पाहवा मंचावर गिटारवाल्यांच्या बरोबरीनं उभा असतो. नावानिशी.

आता सांगा, आपला हलगीवाला कुठं उभा असतो? त्याचं नाव कोण विचारतं? कोण?

गणपती तोंडावर आलेत. 2025 मध्ये सरकारनं गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, आनंद आहे. पण मिरवणुकीत काय वाजणार हे तुम्हालाही माहीत, मलाही माहीत. सन 2000 च्या नियमांनी रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल अन् रात्री 45 ही मर्यादा घातलीय. आपल्याकडं डीजेच्या भिंतीपुढं खिडकीची तावदानं थरथरतात. गणपतीच नाही, जयंती कुणाचीही असो, महापुरुष बदलतात, डीजे तोच राहतो. अन् संबळ, हलगी? मंत्री गाडीतून उतरले की दोन मिनिटं. फोटो झाला की "चला, बाजूला व्हा".

आमचे संस्कृतीरक्षक म्हणतील, बरोबर बोललात साहेब, परंपरा जपली पाहिजे. थांबा. तुमच्यासाठी नाही लिहायलो मी. एका हलगीवाल्याच्या पोराला मी विचारलं होतं, बापासारखा हात आहे तुझा, मग डीजेवर कशाला जातोस? तो म्हणाला, "काका, हलगी हातात घेतली की लोक आधी जात इचारतेत. डीजेवर बसलो की ऑपरेटर म्हणतेत."

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही. गावकीची कामं ज्यांच्या माथी मारली, त्यांनी ती सोडली तेव्हा हलगीही सोडली, अन् बरोबर केलं. मेलेल्याच्या पुढं वाजवायचं, देवाच्या पुढं वाजवायचं अन् देवळाबाहेर थांबायचं. अशी परंपरा जपा म्हणायला आपल्याला तोंड आहे का? वाद्याला विटाळ नव्हता, तो आपल्या डोळ्यांत होता.

म्हणून मला परंपरेची पाटी नको, व्यवहार पाहिजे. वादकाचं नाव पत्रिकेवर छापा. सुपारी आधी ठरवा, ॲडव्हान्स द्या, जसा डीजेवाल्याला देता. नारळ, टोपी अन् वडापाव म्हणजे मानधन नव्हे. माहूरच्या गोंधळ्याचा संबळ, माळेगावच्या जत्रेतली हलगी, ह्यांच्यासोबत आपल्याच पोरांची गिटार का बसू नये? लातुरात काय अन् नांदेडात काय, कॉलेजची पोरं गिटार घेऊन हिंडतातच. हलगी शेकून ताणली की कसली कडक बोलते, ते एकदा त्यांनी जवळून ऐकावं.

पोरगं म्हणालं, "पप्पा, आपल्याकडचा असा अल्बम आहे का?" मी डबा पुढं केला अन् म्हणालो, जेव आधी.

असो. दोन्ही शहरांतल्या मंडळांच्या अध्यक्षांना विनंती, खाली कमेंटमध्ये दोनच आकडे टाका. यंदा डीजेला किती ठरवले, हलगीवाल्याला किती. दोन्ही छापायची जबाबदारी माझी.