चौथी भिडू

आपल्याकडे मोठ्या माणसाला खेळायचे असेल तर त्याने कारण द्यावे लागते. लहान मुलांना ते माफ असते. तेही पूर्वी मुंज होईपर्यंत आणि आताच्या हिशेबाने आठवीचा वर्ग लागेपर्यंत. पुढे दहावीचे वर्ष येते, बारावीचे येते, मग नोकरीची खटपट. त्यातूनही एखादा खेळत राहिलाच, तर "जिल्ह्यात निवड झाली आहे" किंवा "खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी लागेल" असे काहीतरी आईबापांना शेजाऱ्यांपुढे ठेवता आले पाहिजे. चाळिशी उलटली की हे कारणांचे खाते डॉक्टरांकडे जाते. साखर वाढली, रक्तदाब चढला, की बॅडमिंटनची रॅकेट औषधाच्या बाटलीशेजारी सन्मानाने जाऊन बसते. पण मधल्या वीस-पंचवीस वर्षांत, अंगात ताकद असताना, केवळ मजा वाटते म्हणून खेळणारा माणूस म्हणजे रिकामटेकडा. आणि ती बाई असली तर... जाऊ द्या, दिवाळीचे दिवस आहेत.

मी गेली साठ वर्षे अशी विनाकारण खेळत आले आहे. माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे, आणि दोन्हीकडे मिळून एकही ढाल किंवा पेला माझ्या फडताळात आलेला नाही. शाळेच्या संमेलनात एकदा स्टीलची वाटी मिळाली होती. पण ती संगीतखुर्चीची, आणि संगीतखुर्चीला मी खेळ मानीत नाही.

सातारा हे गाव खेळणाऱ्या पोरांचे लाड करीत नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावर पेठा वसलेल्या. बोळात चेंडू हातून सुटला की तो दम न घेता खालच्या आळीत जाई, आणि ज्याच्या हातून सुटला त्यानेच तो आणायचा असा आमचा कायदा होता. माझे झेल चांगले झाले ते या कायद्यामुळे. पुन्हा चढ चढून येण्यापेक्षा चेंडू पकडलेला बरा. शाळेत खो-खो होता. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली बांधून दिले आणि बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1960-61 साली आमच्या शेजारच्या कोल्हापुरात झाली, हे मला फार पुढे वाचनात आले. तेव्हा आम्हांला एवढेच ठाऊक होते, की पटांगणावर मुरूम आहे आणि सूर मारला की गुडघा सोलतो. गुडघा सोललेली मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात जरा ऐटीतच चाले.

नववीत माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना साडी आली, आणि तिथे सूर मारणे संपले. कोणी बंदी केली नाही, कोणी रागावले नाही. पाच वारी नेसून सूर मारता येत नाही, इतके साधे ते होते. काहीजणी खांबाला टेकून गप्पा मारू लागल्या. माझ्यासारख्या काहींनी रिंग धरली. ज्याला नियमांच्या पुस्तकात टेनिकॉइट म्हणतात तो हा खेळ. मधे जाळी किंवा नुसती दोरी, रबरी कडे एका हाताने फेकायचे, एका हाताने झेलायचे. साडीचा पदर खोचला की भागते. त्या काळी गावोगावच्या महिला मंडळांत, बँकांच्या आवारात, वाड्यांच्या मागच्या अंगणात रिंग खेळणाऱ्या बायका दिसत. या बिचाऱ्या खेळाबद्दल कोणी कधी लेख लिहिल्याचे मला आठवत नाही. मुलींच्या एका अख्ख्या पिढीला त्याने खेळते ठेवले, एवढे तरी इथे नोंदवून ठेवते.

लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली माझी रिंग होती. सासूबाईंनी ती उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अगं, कुकर पण दिलाय का तुझ्या आईनं? ही नुसतीच रिंग दिसतेय."

त्यांना खेळ समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतले, पण कशासाठी खेळायचे ते काही त्यांच्या ध्यानात येईना. "जिंकलं तर काय मिळतं?" "काही नाही." "मग व्रत आहे का कसलं?" मला हसू आले. पण श्रावण आला, माझी पहिली मंगळागौर झाली, आणि त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला त्या रात्री कळला. दिवसभर उपास-स्वयंपाक करून दमलेल्या या पन्नाशीच्या बाई रात्री अकराला पदर खोचून उभ्या राहिल्या आणि त्यांनी बसफुगडी अशी घातली की माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींना धाप लागली. झिम्मा झाला, पिंगा झाला, आगोटं-पागोटं झालं, लाट्या झाल्या. पहाटे चारला त्या सुपाच्या फुगडीसाठी भिडू शोधत होत्या! त्यांना खेळ ठाऊक होता. माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. फक्त त्यांच्या खेळाला देवीने परवानगी दिलेली होती. पत्री वाहिली, आरती झाली, की मग रात्रभर बायकांना मोकळे रान. आमच्या आज्या-पणज्यांनी मजेसाठी हे कारण मोठ्या हुशारीने शोधून ठेवले असावे असा मला दाट संशय आहे.

बॅडमिंटन मला विश्रामबागेत राहायला गेल्यावर मिळाले. ते 1988 साल. कॉलनीत एक मोकळा प्लॉट होता. मालकांनी खेळायला हरकत घेतली नाही. दोन लोखंडी पाइप पुरून जाळी बांधली, फक्कीने रेघा मारल्या. भिडू चौघी: एक बँकेतल्या, एक शाळेतल्या बाई, एक शेजारच्या वहिनी आणि मी. वेळ पहाटे पावणेसहा ते पावणेसात, कारण सातला चारही घरांत गॅस पेटलेला असायला हवा. फूल नायलॉनचे, कारण पिसांच्या फुलाला सोळा पिसे असतात आणि आमच्या फटक्यांनी त्यातली चार पहिल्याच डावात गळत. वारा सुटला की फूल शेजारच्या गच्चीवर. तिथल्या आजोबांनी अखेर एका बादलीत ती साठवून दर रविवारी आम्हांला परत करण्याची व्यवस्था केली.

पुष्कळांना वाटते, मजेचा खेळ म्हणजे गुण न मोजता इकडून तिकडे मारत राहणे. मला हे मुळीच पटत नाही. गुण मोजले नाहीत तर मजा कसली? आम्ही काटेकोर मोजत असू, आणि रेघेवर पडले की बाहेर यावरून भांडतही असू. बँकेतल्या बाई हिशेबात पक्क्या, पण आपले गुण मोजताना त्यांना व्याज लावण्याची सवय होती. जगात 2006 पासून बॅडमिंटनचा डाव एकवीस गुणांचा झाला आणि प्रत्येक फेरीला गुण मिळू लागला. आम्ही मात्र जुना पंधराचाच डाव ठेवला: ज्यांची सर्व्हिस त्यांनाच गुण. त्यात डाव लांबतो, आणि मागे पडलेल्याला सावरायला सवड मिळते.

2004 सालच्या हिवाळ्यात वहिनींचे यजमान गेले. अचानक गेले. तेरावा झाला, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघी प्लॉटवर नुसत्याच उभ्या होतो, तर वहिनी आल्या. पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांनी पिशवीतून रॅकेट काढली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "वहिनी, राहू द्या की अजून थोडे दिवस."

वहिनी म्हणाल्या, "घर भरलंय माणसांनी. जो येतो तो माझ्या तोंडाकडं बघतो आणि रडतो. इथं तुम्ही फुलाकडं बघता."

आम्ही खेळलो. बँकेतल्या बाई त्यांना हलके हलके फूल देऊ लागल्या, तेव्हा वहिनी जाळीपाशी येऊन म्हणाल्या, "नीट खेळा हो." मग त्या नीट खेळल्या. तो डाव वहिनी आणि मी पंधरा-अकराने हरलो.

समोरच्या गॅलरीतून कोणीतरी पाहिले होते. महिनाभर कॉलनीला दुसरा विषय नव्हता. एक बाई खास आमच्या घरी येऊन सासूबाईंना सांगू लागल्या, "अजून महिना झाला नाही, आणि ही उड्या मारतेय. तुमची सूनही होती बरोबर." मी आत चहा टाकत होते, कान बाहेर. सासूबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, मंगळागौरीला आता तिला कोणी बोलावणार नाही. कुठंतरी खेळू दे की."

पाहुण्या बाईंनी चहा घेतला नाही.

आता त्या प्लॉटवर इमारत उभी आहे, आणि आम्ही तासावर पैसे भरून हॉलमध्ये खेळतो. आमच्या आधी तिथे मुलांचा शिकवणीवर्ग असतो. बाहेर बाकावर आईबाप बसलेले असतात आणि भिंतीवर मोठमोठ्या खेळाडूंची चित्रे असतात. सांगलीला त्यांची वाण नाही. विजय हजारे 1915 साली इथे जन्मले. 1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. नंदू नाटेकर 1933 साली इथलेच. ते आधी टेनिस खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले, बॅडमिंटनकडे वळले, आणि 1956 साली क्वालालंपूरला परदेशातली स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. स्मृती मानधना इथेच वाढली, आणि 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची ती उपकर्णधार होती. माझे माहेरही मागे नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, आणि साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, तिरंदाजीत जगज्जेती झाली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या मुलींनी तो जिंकला. मी तो दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिला. मॅटवरचे ते सूर पाहताना माझा हात आपोआप गुडघ्याकडे गेला.

या मुलींचा मला अभिमान आहे. काळजी वाटते ती बाकावरच्या आईबापांची. परवा एका गृहस्थांनी मला थांबवून विचारले, "काकू, तुम्ही इतकी वर्षं खेळताय. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. किती वर्षांत राज्यात निवड होईल?" मी विचारले, "तिला आवडतं का?" ते म्हणाले, "ते विचारलं नाही अजून." मुलगी आत भिंतीवर फूल आपटत एकटीच हसत होती. मी तिच्याकडे बोट दाखवले. त्यांना वाटले, मी तिच्या मनगटाबद्दल काही सांगते आहे. त्यांनी ते वहीत टिपून घेतले.

आमच्या बँकेतल्या बाई दोन वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्याला गेल्या. तिघींत दुहेरी होत नाही. बऱ्याच शोधानंतर एक तेवीस वर्षांची मुलगी मिळाली. स्पर्धा परीक्षेची तयारी करते, अभ्यासिकेतून थेट येते. घरी तिने सांगितले आहे की याने एकाग्रता वाढते. आम्ही ते खोडून काढले नाही. तिचे आणि आमचे एकाच गोष्टीवरून वाजते: तिला एकवीसचा डाव हवा, आम्हांला पंधराचा. वहिनींनी, ज्यांचा एक गुडघा आता धातूचा आहे, तोड काढली. एक दिवस पंधरा, एक दिवस एकवीस. एकवीसच्या दिवशी ती ज्या बाजूला असेल ती बाजू जिंकते. पंधराच्या दिवशी डाव लांबतो, तिला अभ्यासिकेत जायला उशीर होतो, आणि सर्व्हिस आमच्याकडे असते.