क्षार म्हणजे काय?

रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत माझी मामेबहीण आणि तिच्या तीन मैत्रिणी केमिस्ट्री घेऊन बसतात. चौघी पी.यू. दुसऱ्या वर्षाला. मीही सायन्समधूनच मराठीकडे आले, म्हणून अडलं की मला हाक.

मागच्या चाचणीच्या आदल्या रात्री तिचा मेसेज आला. ५० मिलिलिटर ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये २५ मिलिलिटर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घातलं, पीएच किती? मला झोप येत होती. वहीवर गणित केलं, फोटो काढला, पाठवला. उत्तर ४.७४. तिने तो बाकीच्या तिघींना पाठवला. मदत झाली, असं मलाही वाटलं.

पेपरात आकडे तेच होते, पण ॲसिडच्या जागी अमोनिया आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या जागी हायड्रोक्लोरिक ॲसिड. चौघींनी ४.७४ लिहिलं. खरं उत्तर ९.२६. दोन्हींचा स्थिरांक १.८ × १०⁻⁵ धरतात, म्हणून ४.७४ हा आकडा इथेही येतोच, फक्त तो पीओएच असतो; १४ मधून वजा करावा लागतो. निम्मा अमोनिया तसाच शिल्लक असलेलं द्रावण आम्लधर्मी कसं होईल, एवढं जरी एकीने विचारलं असतं तरी चूक कळली असती. पण विचारणार कुठून? मी फोटो पाठवला होता, प्रश्न नाही.

हे झाल्यावर घरात लगेच निकाल लागला, की एकत्र अभ्यास बंद, ज्याचं त्याने करावं. वर्गातल्या हुशार मुलांचं तर आधीपासून तेच मत आहे. सीईटीत रँक लागते, मग आपण शिकवून दुसऱ्याला पुढे कशाला घालायचं? ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जागा मोजक्याच आहेत. तरीही मला हे पटत नाही, आणि याचं कारण पुढच्या रविवारी सापडलं.

मी बहिणीला म्हटलं, तू मला समजावून सांग. ती सांगत गेली आणि एका ठिकाणी अडखळली. "ताई, व्हिडिओत अमोनियाला दुर्बल क्षार म्हणतात. पण क्षार तर सॉल्ट ना?" व्हिडिओ हिंदी होता. हिंदीत क्षार म्हणजे बेस, आणि सॉल्टला लवण. आपल्या मराठी शाळेत बेस म्हणजे आम्लारी, आणि क्षार म्हणजे सॉल्ट. दहावीपर्यंत मराठी, कॉलेजात इंग्रजी पुस्तक, घरी हिंदी व्हिडिओ! बेळगावात हे घरोघरी चालतं. पोरीला गणित येत होतं. तिला अमोनिया नेमका कुठल्या बाजूचा, तेच कळत नव्हतं. आणि हे ती वर्गात विचारणार नव्हती, कारण साठ मुलांसमोर क्षार म्हणजे काय हे कोण विचारतं? मैत्रिणींमध्येच विचारलं जातं.

म्हणून बसणं बंद करू नका, फोटो बंद करा. आम्ही आता एकच नियम ठेवलाय. जिला येतं तिने पेन हातात घ्यायचं नाही, जिला येत नाही तिने लिहायचं. वेळ दुप्पट जातो. परीक्षेच्या आदल्या रात्री तर हे जमतच नाही, त्या रात्री मी सरळ 'झोप' म्हणून सांगते. आणि जिला येतं तिचं काही जातं असंही नाही. परवा बहिणीला बफर समजावताना एक मैत्रीण स्वतःच थांबली, लॉग १ शून्य का होतो हे तिला सांगता येईना.

त्या खोलीत आता शब्दांची एक वही आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी असे तीन रकाने, कन्नडचा चौथा आखून ठेवलाय, भरायला माणूस हवंय. वाङ्मय मंडळातल्या कुणाला कन्नड चांगलं येत असेल तर रविवारी साडेदहाला यावं. पहिल्या पानावर क्षार आहे.