फ्रँको जाण्याची वाट कोणी पाहिली?



आधुनिक स्पॅनिश कथेवरील आपल्या लेखात म्हटले आहे की, 1975 मध्ये हुकूमशहा फ्रँको मेला, सेन्सॉरचा काच सैल झाला आणि मग तिथल्या लेखिका स्त्री-स्त्रीमधल्या प्रेमाबद्दल लिहू लागल्या. हा हिशेब सोयीचा आहे, पण खरा नाही.

आना मारिया मोश यांची ‘खुलिया’ ही कादंबरी 1970 ची. समलिंगी व्यक्तींना ‘समाजाला धोकादायक’ ठरवून डांबून ठेवण्याची सोय करणारा कायदा स्पेनने केला, तोही त्याच वर्षी. वीस वर्षांची खुलिया रात्रभर जागी आहे आणि प्राध्यापिका एव्हाबद्दलची तिची ओढ कुठेही नाव घेऊन सांगितलेली नाही. लेखकमहाशय याला दबलेले लेखन म्हणतील. मला मात्र ते न बोलणेच त्या मुलीचे खरे चरित्र वाटते.

कार्मे रिएरा यांची 1975 ची गाजलेली कथा तर या न बोलण्यावरच उभी आहे. (ती कातालान भाषेत आहे. स्पेनचे ते सगळे स्पॅनिश, ही लेखातली दुसरी गफलत.) मायोर्कातली एक तरुणी आपल्या जुन्या शिक्षकाला पत्र लिहिते. मुलीला त्या नात्यापासून तोडायला बापाने तिला बार्सिलोनाला धाडलेले असते. वाचक पुरुष गृहीत धरून वाचत जातो आणि अगदी शेवटी कळते, ती व्यक्ती मारिया आहे. (शेवट फोडला, पण त्याला इलाज नव्हता.) इथे उघडा पडतो तो वाचक.

आता एस्तेर तुस्केत्स. त्यांची 1978 ची पहिली कादंबरी म्हणजे आपल्या लेखातले ‘मुक्ततेचे प्रतीक’. शेवटपर्यंत वाचली आहे का ती? बार्सिलोनाच्या धनिक घरातली मध्यमवयीन प्राध्यापिका कोलंबियाहून आलेल्या क्लारा या विद्यार्थिनीच्या प्रेमात पडते. शरीराचे वर्णन लांबलचक वाक्यांतून, मोकळेपणाने येते. पण नवरा परतताच बाई क्लाराला सोडून त्याच्यामागे निघते. सेन्सॉर नाही, पोलीस नाहीत. आड येते ते तिचे स्वतःचे भित्रेपण आणि तिचा सुखवस्तू वर्ग. तुस्केत्स यांनी आपल्याच वर्गावर ओढलेला हा कोरडा लेखात औषधालाही नाही.

रिएरांची कथा छोटी आहे. थेट कातालानवरून मराठीत करवून घेऊन आपण ती येत्या दिवाळी अंकात छापावी, ही विनंती.

— एक वाचक, सांगली