माळ्यावरचा स्पेक्ट्रम भंगारात देऊ नका

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत भोपाळच्या घरांतून जे निघतं, ते हातगाडीवरून कबाडखान्यात पोचतं. यंदा माळ्यावर एखादा काळा, जाडसर कीबोर्ड सापडला आणि त्याच्या कोपऱ्यात रंगीत तिरपे पट्टे दिसले, तर थांबा. तो अख्खा कॉम्प्युटर आहे.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स स्पेक्ट्रम 1982 मध्ये ब्रिटनमध्ये आला. त्याची पुढची आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1986 पासून ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात विकली. मेमरी 48 किलोबाइट, प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्‌झचा झेड-80, पडदा म्हणून घरचाच टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला टेपरेकॉर्डर. शाळांमध्ये सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो आले. 1984-85 मध्ये सुरुवात 250 शाळांपासून झाली. भोपाळमध्ये त्याच सुमारास संतोष चौबे यांनी आयसेक्ट ही संस्था काढली आणि 1988 पासून ‘इलेक्ट्रॉनिकी आपके लिए’ हे मासिक निघू लागलं. कॉम्प्युटर शिकायचा तर आधी इंग्रजी शिका, हे या शहराने तेव्हाच नाकारलं होतं. मला त्याचा अभिमान वाटतो.

बटण दाबलं की स्पेक्ट्रम थेट बेसिक भाषेत उभा राहतो. तुम्ही दोन ओळी लिहा, तो लगेच चालवतो. त्याची सगळी रॉम 16 किलोबाइटची; इयन लोगन आणि फ्रँक ओ’हारा यांनी ती उलगडून दाखवणारं पुस्तक 1983 मध्येच काढलं. चिकाटीची अकरावीतली मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते वाचून काढू शकते. एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावेल असा कॉम्प्युटर आज दुकानात मिळत नाही, आणि म्हणून हे जुने नग शिकवण्यासाठी मोलाचे आहेत. शोकेसमध्ये ठेवून ते मोल हाती लागणार नाही.

मात्र उत्साहाच्या भरात प्लग लावू नका. स्पेक्ट्रमच्या मूळ 9 व्होल्टच्या ॲडॅप्टरच्या पिनेत मधला भाग ऋण असतो. बाजारातल्या बहुतेक ॲडॅप्टरांमध्ये तो धन असतो. चुकीचा लावला तर आतली सर्किटं जळू शकतात. मूळ ॲडॅप्टर असला, तरी आधी मल्टीमीटरने तपासा. सुरुवातीच्या 16 किलोबाइट मेमरीच्या आठ 4116 चिपांना +12, +5 आणि –5 असे तीन व्होल्टेज लागतात. पैकी –5 गेला की त्या चिपा मरतात. म्हणून आधी पॉवरचा भाग, वाळलेले कपॅसिटर, आणि मगच मेमरी, हा क्रम सोडू नये. सुटे भागही आता जपून वापरायला हवेत: 1976 पासून बनत आलेल्या मूळ झेड-80 साठी झायलॉगने 2024 मध्ये शेवटच्या ऑर्डरी घेतल्या.

यंत्रापेक्षा मला काळजी कॅसेटांची आहे. यंत्राचा जोड जगात कुठेतरी मिळेल. भेलच्या पिपलानी-बरखेडा वसाहतीत कुणी वडिलांनी मुलीला पाढे घोटवण्यासाठी लिहिलेला प्रोग्राम असेल, तर त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. टेपवरची चुंबकीय नोंद विरत जाते, आणि बुरशी लागली की संपलंच. पण काम अवघड नाही. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसा, हेडफोनच्या जॅकमधून आवाज लॅपटॉपमध्ये घ्या, आणि एमपी3 न करता वेव्ह फाइल म्हणूनच ठेवा. आवाज दबलेला वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून शीळ स्वच्छ करून घ्या. स्पेक्ट्रमच्या टेपवर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. त्यामुळे प्रोग्राम शाबूत उतरला की नाही, याचा बऱ्यापैकी भरवशाचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

श्यामला हिल्सवरच्या आंचलिक विज्ञान केंद्राने यासाठी एक टेबल द्यावं: चालू स्थितीतला एक स्पेक्ट्रम किंवा बीबीसी मायक्रो, जुना टीव्ही, टेपरेकॉर्डर, आणि रविवारी सोल्डरिंगची सवय असलेला एखादा निवृत्त इंजिनिअर. भेलने घडवलेले असे हात या शहरात आहेत. मुलांनी यंत्र उघडावं, प्रोग्राम बिघडवावा, पुन्हा लिहावा. लोकांनी घरच्या कॅसेटा आणून तिथेच उतरवून घ्याव्यात. आणि प्रत्येक फाइलबरोबर प्रोग्राम कोणी, कधी, कशासाठी लिहिला हेही विचारून नोंदवावं, कारण ते सांगणारी माणसं आता सत्तरीत आहेत.