आपला बाब्या आणि खोकल्याचं औषध

एखाद्या खेळाडूच्या तपासणीत बंदी असलेलं औषध सापडल्याची बातमी आली, की खेळाडू काय म्हणतो ते मी नंतर वाचतो. त्याचं निवेदन बहुधा वकिलाच्या हाताखालून आलेलं असतं. चाहते मात्र पहिल्या तासाभरातच मनातलं बोलून टाकतात. वर्गात दररोज चाळीस-पन्नास चाहते समोर बसत असल्यामुळे मला ते ऐकायला लांब जावं लागत नाही.

जवळचीच गोष्ट घ्या. कोरोनामुळे २०२१-२२ ची इंडियन सुपर लीग सगळी गोव्यात खेळली गेली. आमच्या बिलोलीपासून तेलंगणाची हद्द अगदी जवळ, आणि मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळचं. सोयरीक तिकडे, दवाखाना तिकडे, लग्नाचे कपडेही तिकडचे. त्यामुळे आमच्याकडची फुटबॉल बघणारी पोरं हैदराबाद एफसीची असणार हे ठरलेलंच. ८ फेब्रुवारी २०२२ रोजी एटीके मोहन बागानने हैदराबादला २-१ असं हरवलं. पुढे काही महिन्यांनी बातमी आली, की त्याच सामन्याच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात बागानचा बचावपटू आशुतोष मेहता याच्या शरीरात मॉर्फिन सापडलं. मॉर्फिन अफूपासून निघतं आणि डॉक्टर ते असह्य वेदनांवर देतात. ‘नाडा’ म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था. तिच्या शिस्तपालन समितीने मेहतावर दोन वर्षांची बंदी घातली.

दुसऱ्या दिवशी वर्गात जल्लोष. “देखे सर? पीके खेलरे थे!” मी म्हटलं, अरे बाबांनो, त्या मोसमात बागानला उपान्त्य फेरीत हरवून करंडक तुम्हीच घेऊन गेलात ना, मग आता कसला राग? पण राग नव्हताच तो. आपण हरलो तो एक सामनाही खरं तर आपलाच होता, असं म्हणायला मिळाल्याचा तो आनंद होता. मेहताने सांगितलं होतं की सोबतच्या खेळाडूने दिलेलं आयुर्वेदिक औषध आपण घेतलं. ते कोणी वाचलंच नव्हतं. हा मेहता पूर्वी मुंबई एफसीकडून खेळलेला. २०१७ साली खालिद जमील यांच्या हाताखाली आयझॉलसारख्या छोट्या क्लबने आय-लीग जिंकून सगळ्या देशाला चकित केलं, त्या संघातही तो होता. तेव्हा हीच पोरं, किंवा यांचे थोरले भाऊ, आयझॉलच्या नावाने नाचली होती.

मी विचारलं, “समजा, हैदराबादचा खेळाडू सापडला असता तर?” मागच्या बाकावरून प्रामाणिक उत्तर आलं, “तो सोचना पडता, सर.”

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी मराठीच्या तासाला दरवर्षी शिकवतो. पण इतकं चोख उदाहरण पाठ्यपुस्तकात नाही.

आता याच्या उलट बाजू. २०१७ च्या मार्चमध्ये मुंबईत भारतीय फुटबॉल संघाचं शिबिर होतं. तिथे गोलरक्षक सुब्रत पाल याचा नमुना घेतला गेला आणि एप्रिलमध्ये निकाल आला. त्यात टर्ब्युटालिन सापडलं. पाल तेव्हा पुण्याच्या डीएसके शिवाजियन्स क्लबचा खेळाडू, म्हणजे महाराष्ट्राचा आणि शिवाय देशाचा गोलरक्षक, आदल्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळालेला. त्याने सांगितलं की आपण खोकल्याचं औषध घेतलं होतं. इथे सगळ्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला. बिचारा, सर्दी झाली असेल, घेतलं असेल औषध! तपासणी करणाऱ्यांनाच शिव्या पडल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस पाल जमशेदपूरच्या गोलपोस्टमध्ये पुन्हा उभा दिसला, तेव्हा या प्रकरणाची आठवणही कोणी काढली नाही.

माझं म्हणणं पाल खोटं बोलला असं नाही. त्याचं सांगणं पटण्यासारखंच होतं. मग मेहताचं औषधाचं सांगणं न वाचताच का उडवलं गेलं, एवढाच माझा प्रश्न आहे.

इथे थोडं औषधाबद्दल बोललं पाहिजे, कारण हे औषध तुमच्या-आमच्या कपाटात असण्याची शक्यता बरीच आहे. टर्ब्युटालिन श्वासनलिका मोकळी करतं. दम्यावर देतात, आणि आपल्याकडच्या कित्येक खोकल्याच्या सिरपमध्ये ते मिसळलेलं असतं. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ‘टर्ब्युटालिन सल्फेट’ असं नाव दिसेल. आजारी माणसाला त्याने आराम पडतो. खेळाडूला मात्र ते आधी परवानगी घेतल्याशिवाय चालत नाही. ही परवानगी मिळते. डॉक्टरांचे कागद जोडून अर्ज करावा लागतो, त्याला उपचारासाठीची सूट म्हणतात. अर्ज केला नाही आणि नमुन्यात औषध निघालं, तर “मला ठाऊक नव्हतं” एवढ्यावर सुटका होत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असा जगभर नियम आहे. नकळत घेतलं हे सिद्ध करता आलं तर शिक्षा कमी होते. नियम कडक आहे खरा, पण तो असा नसता तर प्रत्येकालाच त्या महिन्यात खोकला झाला असता.

हेच टर्ब्युटालिन क्रिकेटमध्येही सापडलं, आणि तिथे आपल्या घरांतल्या गप्पांना जे वळण लागलं त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. ९ जानेवारी २०१८ ला क्रिकेट मंडळाने जाहीर केलं की युसूफ पठाणच्या नमुन्यात टर्ब्युटालिन निघालं असून त्याच्यावर पाच महिन्यांची बंदी आहे. ती मागच्या १५ ऑगस्टपासून धरली गेली आणि १४ जानेवारीला संपणार होती. म्हणजे बातमी आली तेव्हा बंदीचे पाचेक दिवसच उरले होते. चुकून औषध घेतलं हे त्याचं सांगणं मंडळाने मान्यही केलं. तरी आमच्या मोहल्ल्यात त्या आठवड्यात एकच वाक्य फिरत होतं, “नाव पठाण आहे म्हणून.” पलीकडच्या काही व्हॉट्सॲप ग्रुपांवर त्याच वेळी काय चाललं होतं तेही माझ्यापर्यंत आलं. ते या मासिकात छापण्यासारखं नाही.

दीड वर्षाने, ३० जुलै २०१९ ला, विरारचा पृथ्वी शॉ सापडला. तोच पदार्थ आणि तेच खोकल्याचं सिरप. एकोणीस वर्षांचं पोर. त्याला किती महिने मिळाले? आठ. पठाणला पाच आणि शॉला आठ. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहिले आणि मी मुलांना नुसतं बघायला सांगितलं. नावामुळे शिक्षा वाढते हा हिशेब इथे तरी जमत नव्हता.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी. आपल्या नावांमुळे कुठे काही सोसावं लागत नाही, असं मी म्हणत नाही. भाड्याने घर शोधताना काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. म्हणूनच ही तक्रार जपून वापरायला हवी असं मला वाटतं. खोकल्याच्या सिरपवर ती खर्च केली, तर उद्या खरोखर अन्याय झाल्यावर ती ऐकून कोण घेणार?

पॉल पोग्बाच्या वेळी हेच झालं. पोग्बाने इस्लाम स्वीकारलेला, २०१७ साली उमऱ्याला गेलेला. एहराममधला त्याचा फोटो आमच्या निम्म्या पोरांच्या मोबाइलवर. ऑगस्ट २०२३ मध्ये युव्हेंटस विरुद्ध उदिनेझे सामन्यानंतर त्याच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन वाढवणारा पदार्थ निघाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये चार वर्षांची बंदी आली. “सर, पोग्बा को फसाए.” कोणी फसवलं, कशासाठी, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं आणि त्याची गरजही कोणाला वाटत नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये क्रीडा लवादाने बंदी चार वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणली. अमेरिकेतल्या डॉक्टरने दिलेल्या पूरक गोळ्यांमधून ते आलं, मुद्दाम घेतलेलं नव्हतं, हे लवादाने मानलं. पण एवढ्या मोठ्या खेळाडूने अधिक काळजी घ्यायला हवी होती, असंही तोच लवाद म्हणाला. पोरांनी पहिला अर्धा भाग स्टेटसला लावला आणि दुसरा अर्धा सोडून दिला. युव्हेंटसने मात्र वाट पाहिली नाही. नोव्हेंबरमध्ये करार संपवून मोकळे झाले. २०२५ च्या जूनमध्ये मोनाकोने त्याला घेतलं.

युव्हेंटसच्या चाहत्यांना खरं तर या गोष्टीची जुनी सवय. १९९८ मध्ये प्रशिक्षक झेमान यांनी इटालियन फुटबॉल औषधांच्या दुकानातून बाहेर यावं अशा अर्थाचं बोलून खळबळ उडवली. तपासात क्लबकडे २८१ प्रकारची औषधं सापडली. क्लबच्या डॉक्टरांना २००४ मध्ये शिक्षा झाली आणि २००५ मध्ये अपिलात ते सुटले. आजही विरोधक २००४ चा निकाल दाखवतात, चाहते २००५ चा.

आणि १९९४ चा मॅराडोना! वर्ल्डकपमध्ये एफेड्रिन सापडून त्याला घरी पाठवलं, तर ढाक्यात लोक रस्त्यावर उतरले. अर्जेंटिना कुठे, ढाका कुठे.

मात्र चाहत्यांचा संशय दर वेळी चुकीचाच असतो असंही नाही. मामादू साखो लिव्हरपूलचा बचावपटू, तोही मुसलमान. मार्च २०१६ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यानंतर त्याच्या नमुन्यात चरबी कमी करण्याच्या गोळीतला एक पदार्थ आढळला. त्याला तात्पुरतं निलंबित केलं. युरोपा लीगची अंतिम लढत हुकली. त्या उन्हाळ्यात युरो स्पर्धा त्याच्याच देशात, फ्रान्समध्ये होती. तीही हुकली. टीव्हीवर आणि मैदानांत लोक त्याला हवं ते बोलले. जुलैमध्ये युरोपच्या फुटबॉल संघटनेने प्रकरण रद्द केलं, कारण तो पदार्थ बंदीच्या यादीत नव्हताच! जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने तरीही त्याच्याबद्दल बदनामीकारक विधानं केली. शेवटी नोव्हेंबर २०२० मध्ये लंडनच्या न्यायालयात संस्थेने त्याची माफी मागितली आणि भरपाई द्यायचं कबूल केलं. माफी आली तेव्हा तो लिव्हरपूल सोडून गेलेला होता. त्याला चोर म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती माफीची बातमी पुढे पाठवली असेल?

साखो निर्दोष होता, पोग्बा निष्काळजी. दोघेही आपलेच. पहिल्या दिवशी दोघांच्या बातम्या अगदी सारख्या दिसत होत्या. तहकीक या शब्दाचा अर्थ मी मुलांना याच दोन नावांवरून सांगतो. निकाल येईपर्यंत “माहीत नाही” असं म्हणता येणं, आणि निकाल आल्यावर तो पूर्ण वाचणं. आमच्या घरी धाकट्या मुलीने यावर विचारलं, “अब्बा, मग तोपर्यंत स्टेटसला काय लावायचं?” मी म्हटलं, सामन्याचा स्कोअर लाव.

या सगळ्यात घरातल्या बायकांचा काय संबंध, असं कोणी विचारेल. कोलो तूरेची गोष्ट त्यांच्यासाठीच ठेवली आहे. मँचेस्टर सिटीचा हा खेळाडू २०११ मध्ये सहा महिने बाहेर बसला. वजन उतरावं म्हणून त्याने बायकोच्या गोळ्या घेतल्या होत्या. इंग्लंडमध्ये तेव्हा यावर भरपूर विनोद झाले. आपल्याकडे विनोद होणार नाही, कारण आपल्याकडे हा रोजचा रिवाज आहे. सासूबाईंच्या गुडघ्याची गोळी सुनेला, भाईजानचं खोकल्याचं सिरप धाकट्याला, हकीमसाहेबांची पुडी सगळ्यांना.

बिलोलीत सकाळी रस्त्यावर धावणारी पोरं दिसतात, सगळ्या जातीधर्मांची. पोलीस भरतीची सोळाशे मीटर त्यांच्या डोक्यात असते. त्यातले काही जिमलाही जातात आणि तिथून पावडरचा डबा घरी येतो. मागच्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी असा डबा घेऊन आला आणि म्हणाला, “सर, इंग्रजी आहे, वाचून द्या.” डब्यावर कंपनीचा पत्ता नव्हता. घटकांच्या यादीत शेवटी ‘स्पेशल ब्लेंड’ असं मोघम लिहिलेलं होतं. अम्मीने बांगडी मोडून पैसे दिले होते. त्या बाईला पोराच्या अंगावर खाकी बघायची होती, एवढंच.

मी त्याला नाडाचं ‘नो युअर मेडिसिन’ हे ॲप उतरवून दिलं. त्यात औषधाचं नाव टाकलं की खेळाडूला ते चालतं की नाही हे कळतं. खोकल्याच्या सिरपसाठी ते उपयोगी आहे. पावडरसाठी नाही, कारण ज्या डब्यात काय आहे हे डब्यालाच सांगायचं नाही, त्याचं नाव ॲपमध्ये कसं सापडेल? डबा परत करायला आम्ही दोघे गेलो. दुकानदार पैसे द्यायला तयार नव्हता. बराच वेळ हुज्जत घातल्यावर अर्धे मिळाले.

पोरगा अजून धावतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, वेळ आठ सेकंदांनी सुधारली आहे आणि आजकाल घरी अंडी जास्त लागतात.